वर्गणी भरली, तरी जर्नल उघडत का नाही? नव्या ग्रंथपालांसाठी ई-जर्नल्सचं व्यवस्थापन

छापील नियतकालिकांचा हिशेब सरळ होता. अंक टपालाने आला की कार्डावर टिक, नाही आला की स्मरणपत्र, वर्ष संपलं की बांधणीला. ऑनलाइन जर्नलमध्ये हातात काहीच येत नाही. आपण विकत घेतो ती परवानगी असते: ठरावीक लोकांना, ठरावीक काळापुरती, ठरावीक पद्धतीने वाचायची. त्यामुळे पैसे पोहोचले तरी मध्येच कुठेतरी घोडं अडतं आणि प्राध्यापक काउंटरवर येऊन विचारतात, "मॅडम, हे जर्नल आपण घेतो ना? मग पैसे का मागतंय?"

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालांसाठी हा लेख आहे. "ई-रिसोर्सेसचं आता तुम्हीच बघा" असं म्हणत ज्यांच्या टेबलावर हे काम येऊन पडलं आहे, त्या सहायकांसाठीही आहे. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात कन्सॉर्शियमचा, म्हणजे संस्थांनी एकत्र येऊन वर्गणी घेण्याचा, इतिहास पुष्कळ असतो. सोमवारी सकाळी कामावर आल्यावर आधी काय करायचं, ते नसतं.

1. आधी संस्थेकडे काय आहे ते शोधा

नवं काही मागवण्याच्या आधी, आज आपल्याला काय मिळतंय याची यादी करा. ऐकून विश्वास बसणार नाही, पण जे आधीच फुकट मिळतंय त्यासाठी वर्गणी भरणाऱ्या संस्था आहेत.

सगळ्यात आधी वन नेशन वन सबस्क्रिप्शन, ज्याला आपण सगळे 'ओनॉस' म्हणतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ही योजना मंजूर केली. 2025, 2026 आणि 2027 या तीन कॅलेंडर वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स आणि 6,300 हून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे. 1 जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज असे मोठे प्रकाशक तिच्यात आहेत. केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी ही योजना आहे. खासगी विनाअनुदानित संस्था या टप्प्यात नाहीत. आपली संस्था आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. ओनॉसच्या पोर्टलवर नाव शोधा. आणि विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याच्याशी संलग्न असलेलं आपलं महाविद्यालयही आपोआप आत गेलं, असं होत नाही.

या योजनेचं समन्वयाचं काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे, आहे. आज आपण इन्फ्लिबनेट म्हणजे गुजरात असं समजतो, पण 1991 मध्ये त्याची सुरुवात झाली ती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा प्रकल्प म्हणून. स्वतंत्र केंद्र झालं ते 1996 मध्ये.

दुसरं, एन-लिस्ट. 2010 मध्ये सुरू झालेली ही योजना महाविद्यालयांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं मिळवून देते. वार्षिक शुल्क भरायचं, प्राध्यापक-विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये चढवायची, मग प्रत्येकाच्या ईमेलवर लॉगिन जातं. इथे सगळा भार त्या यादीवर आहे. ईमेलमध्ये एक टिंब चुकलं की तो विद्यार्थी वर्षभर "मला पासवर्ड आलाच नाही" म्हणत राहतो. दर जुलै-ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांची नावं चढवणं आणि बाहेर पडलेल्यांची काढणं हे काम प्रवेशप्रक्रियेच्या वेळापत्रकालाच जोडून घ्या. ईमेल विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरावरून टाइप करण्यापेक्षा प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधून थेट मागून घेतलेले बरे.

तिसरं, संस्थेने स्वतःच्या पैशाने घेतलेली जर्नल्स आणि डेटाबेस. चौथं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं: डीओएजे या सूचीतली मुक्त प्रवेशाची जर्नल्स, शोधगंगेतले प्रबंध, आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी.

हे चारही एका तक्त्यात मांडा आणि तिसऱ्या गटातलं प्रत्येक नाव पहिल्या दोन गटांत शोधा. फक्त प्रकाशकाचं नाव जुळलं म्हणून वर्गणी बंद करू नका. एखादा प्रकाशक योजनेत आहे याचा अर्थ त्याचं प्रत्येक जर्नल आहे असा नाही. आयएसएसएनने, म्हणजे जर्नलच्या ओळख क्रमांकाने, जुळवा.

2. करार वाचा, निदान ही चार कलमं तरी

करार बहुधा वीस-पंचवीस पानी आणि वकिली इंग्रजीत असतो. सगळा वाचायचा धीर नसेल तर अधिकृत वापरकर्ता कोण, हे कलम आधी काढा. पूर्णवेळ विद्यार्थी आणि नोकरीतले प्राध्यापक असतातच. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, दूरशिक्षणाचे विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, माजी विद्यार्थी यांचं काय, ते तिथे कळतं. बाहेरचा माणूस ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन आपल्या संगणकावर वाचू शकतो का, हेही तिथेच असतं. अनेक करारांत ही मुभा असते, आणि जवळपास कुणीच ती वापरत नाही.

मग जागा. 'साइट' म्हणजे एक परिसर की संस्थेचे सगळे परिसर? गावाबाहेरचं उपकेंद्र किंवा शहरातली दुसरी इमारत वेगळी साइट धरली गेली तर दर बदलतो.

तिसरं, दुसऱ्या ग्रंथालयाला एखादा लेख पाठवता येतो का. चौथं, वर्गणी थांबवल्यावर ज्या वर्षांचे पैसे भरले ती वर्षं आपल्याकडे राहतात का. या चौथ्या कलमाकडे पुढे परत येऊ.

3. मागणी, दरपत्रक, पैसे

इथे आपल्याकडची एक जुनी अडचण आहे. जर्नलचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, संस्थेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नूतनीकरणाचे दर येतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ग्रंथालय समितीची बैठक लागते डिसेंबरमध्ये, मंजुरी जानेवारीत आणि धनादेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, अनुदान 'लॅप्स' होण्याच्या भीतीने. प्रकाशक जानेवारीनंतर काही आठवडे सवलतीचा काळ देतात, मग शांतपणे बंद करतात. म्हणून समितीची बैठक ऑक्टोबरमध्ये मागून घ्या, आणि ती शक्य नसेल तर निदान "नूतनीकरण करणार आहोत, प्रक्रिया सुरू आहे" असं पत्र डिसेंबरातच प्रकाशकाला किंवा आपली वर्गणी त्याच्याकडे पोहोचवणाऱ्या एजंटला पाठवा. एवढ्या एका पत्रावर अनेकदा दोन-तीन महिने निभतात.

किंमत डॉलर किंवा पौंडात असेल तर कोणत्या बँकेचा, कोणत्या दिवसाचा विनिमय दर धरायचा, हे ऑर्डरमध्येच लिहा. नाहीतर दरपत्रकाच्या आणि बिलाच्या रकमेत फरक पडतो आणि लेखा विभाग फाइल परत पाठवतो. एजंटकडून 'प्राइस प्रूफ', म्हणजे प्रकाशकाच्या मूळ दराचा पुरावा, घ्याच. जीएसटीचं एक लक्षात असू द्या: कायद्याने मान्य पदवीचं शिक्षण देणाऱ्या संस्थांना पुरवल्या जाणाऱ्या ऑनलाइन शैक्षणिक जर्नल्सना जानेवारी 2018 पासून सूट आहे. एजंटने बिलात कर लावला असेल तर कशावर लावला ते विचारा. सॉफ्टवेअर किंवा अन्य सेवा त्याच बिलात घुसवलेल्या असू शकतात.

एजंटला पैसे दिले म्हणजे प्रकाशकाला मिळाले, असं धरू नका. सप्टेंबर 2014 मध्ये स्वेट्स ही नेदरलंड्समधली जुनी, नामांकित एजन्सी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांनी आगाऊ दिलेले पैसे अडकले. पैसे पुढे पाठवल्याचा कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला एजंट तो न मागता देतो.

पैसे पोहोचल्यावर 'ॲक्टिव्हेशन' करावं लागतं आणि त्यासाठी ग्राहक क्रमांक लागतो. छापील अंकासोबत ऑनलाइन मिळत असेल तर हा क्रमांक बरेचदा अंकाच्या वेष्टनावरच्या पत्त्याच्या लेबलावर छापलेला असतो, नावाच्या वरच्या ओळीत. शिपाई वेष्टन फाडून टाकतो आणि मग क्रमांकासाठी महिनाभर ईमेल चालतात. पहिल्या अंकाचं लेबल कापून फाइलला लावायला सांगा.

4. आयपी पत्ता: सगळ्यात जास्त इथे अडतं

परिसरातून जर्नल उघडायला पासवर्ड लागत नाही, कारण प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला ओळखत नाही, संस्थेच्या इंटरनेटला ओळखतो. विनंती कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या क्रमांकावरून, आली ते तो बघतो, नोंदवलेल्या यादीत तो असेल तर लेख उघडतो. पद्धत जुनी, ढोबळ आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरातली आहे.

नवखे ग्रंथपाल बहुतेक वेळा चुकीचा पत्ता कळवतात. ग्रंथालयातल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये 192.168.1.25 असं काही दिसतं आणि तेच फॉर्मवर भरलं जातं. 192.168 ने, '10.' ने, किंवा 172.16 ते 172.31 ने सुरू होणारे पत्ते इमारतीच्या आतले असतात. असे पत्ते देशातल्या लाखो संगणकांना आहेत. बाहेर त्यांना किंमत नाही. प्रकाशकाला हवा असतो तो बाहेर दिसणारा, सार्वजनिक पत्ता. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधलं की तो दिसतो.

तो दिसला म्हणजे काम झालं असं नाही. तो स्थिर आहे का, हा पुढचा प्रश्न. साध्या ब्रॉडबँडवर पत्ता बदलत राहतो. आज उघडलेलं जर्नल मोडेम बंद-चालू केल्यावर उघडत नाही. पत्ता आज, उद्या आणि चार दिवसांनी तपासा. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून 100.64 ते 100.127 यांतलं काही दिसत असेल, तर सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतेय असं समजा. तो वाटलेला सार्वजनिक पत्ता नोंदवला तर शेजारच्या मंगल कार्यालयालाही आपली जर्नल्स उघडतील, आणि कराराचा भंग आपल्या नावावर. अशा वेळी संस्थेने स्थिर पत्ता विकत घ्यावा. वार्षिक खर्च जर्नल्सच्या मानाने किरकोळ असतो. नॅशनल नॉलेज नेटवर्क या शिक्षण-संशोधन संस्थांच्या सरकारी जाळ्याची जोडणी असेल तर स्थिर पत्ते असतातच, पण आणीबाणीसाठी घेतलेली दुसरी जोडणी विसरली जाते. मुख्य लाइन पडली की इंटरनेट चालू राहतं, जर्नल्स बंद पडतात, आणि कारण कुणालाच कळत नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला एक कोरा कागद द्या आणि या गोष्टी लिहून मागा: सगळ्या जोडण्यांचे सार्वजनिक पत्ते, ओळीने अनेक असतील तर पहिला आणि शेवटचा, वसतिगृह कोणत्या जोडणीवर आहे, पाहुण्यांचं वायफाय वेगळं आहे का, आयपीव्ही6 चालू आहे का. शेवटचा प्रश्न हल्ली महत्त्वाचा झाला आहे. फोन आणि संगणक आयपीव्ही6 ने बाहेर पडतात, प्रकाशकाकडे नोंद फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्याची असते, आणि एकाच खोलीत एकाला उघडतं, दुसऱ्याला नाही.

मग हीच यादी, हूबेहूब, प्रत्येक प्रकाशकाला. इंटरनेटची कंपनी बदलली की पुन्हा प्रत्येकाला. ही बातमी ग्रंथालयाला शेवटी कळते, म्हणून प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र नेटवर्क विभागाला आधीच देऊन ठेवा: जोडणी बदलण्याच्या पंधरा दिवस आधी ग्रंथपालांना कळवावे.

जोडलं गेलंय का, हे तपासायला लेख उघडून बघण्याआधी पानाच्या वरच्या किंवा खालच्या कडेला बघा. बहुतेक प्रकाशक तिथे संस्थेचं नाव दाखवतात. नाव दिसतंय पण लेख उघडत नाही, याचा अर्थ ओळख पटली, वर्गणीच्या नोंदीत गडबड आहे. नावच दिसत नाही, याचा अर्थ आयपीची गडबड. एवढ्याने निम्म्या तक्रारी कुणाकडे पाठवायच्या ते ठरतं.

5. घरून वाचायचं असेल तर

संशोधक रात्री अकरा वाजता, गावी, मोबाइलच्या नेटवर वाचतो. त्यामुळे परिसराबाहेरची सोय म्हणजे चैन नाही. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या भागातही दूरस्थ वापराबद्दल विचारलं जातं, तेव्हा प्राचार्यांना पटवायला तेवढं एक कारण पुरतं.

एक उपाय प्रॉक्सी. वाचक आधी ग्रंथालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करतो, तो सर्व्हर त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जातो, आणि प्रकाशकाला आपलाच नोंदवलेला पत्ता दिसतो. यातलं सर्वात प्रसिद्ध सॉफ्टवेअर ईझीप्रॉक्सी; 1999 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथपालाने, ख्रिस झागर यांनी, ते लिहिलं. 2008 पासून ते ओसीएलसी या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे आहे. दणकट आहे, पण प्रत्येक प्रकाशकासाठी दोन-चार ओळींची नोंद ठेवावी लागते आणि प्रकाशकाने साइट बदलली की ती नोंद शिळी होते. लिंक उघडते, पण चित्रं किंवा पीडीएफ येत नाही, असं झालं की बहुधा हीच नोंद जुनी झालेली असते. प्रॉक्सीचा सर्व्हर बाहेर कोणत्या पत्त्याने जातो, तो पत्ताही आयपीच्या यादीत हवा. हे सहज राहून जातं.

दुसरा उपाय फेडरेशनचा. इथे आयपीचा संबंधच नाही. वाचक प्रकाशकाच्या साइटवर 'संस्थेमार्फत लॉगिन' निवडतो, यादीतून आपली संस्था शोधतो, संस्थेच्या लॉगिनवर जातो, आणि संस्था प्रकाशकाला एवढंच सांगते की हा माणूस आमचा आहे. पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही. भारतात यासाठी इन्फ्लिबनेटचं 'इन्फेड' आहे. ओनॉसची जर्नल्स घरून वाचायचीही तीच वाट. ब्रिटनच्या जिस्क या संस्थेचं ओपनॲथेन्स याच जातीचं, पैसे देऊन घ्यायचं.

इन्फेडमध्ये वाचक अडकतो तो संस्थेच्या यादीपाशी. तो संस्थेचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव टाइप करतो, आणि यादीत ते नामविस्तारासह पूर्ण इंग्रजी नावाने असतं. म्हणून मार्गदर्शनाच्या पत्रकात "आपली संस्था निवडा" असं लिहून थांबू नका. यादीत नाव नेमकं कसं दिसतं त्याचा स्क्रीनशॉट लावा. ज्या पत्रकात चार स्क्रीनशॉट आहेत ते व्हॉट्सॲपवर फिरतं. ज्यात चार परिच्छेद आहेत ते सूचनाफलकावर पिवळं पडतं.

मायलॉफ्ट, निंबससारखी तयार ॲप्सही मिळतात. लहान महाविद्यालयात संगणकाचा माणूस नसेल तर ती घेण्यात काही गैर नाही. फक्त करार संपल्यावर वाचकांची माहिती ते काय करतात, हे लेखी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर: ओनॉसमध्ये असाल तर आधी इन्फेड नीट बसवा, सहा महिने वापरू द्या, आणि मगच प्रॉक्सी किंवा ॲपवर खर्च करायचा का ते ठरवा.

6. यादी स्वच्छ ठेवा

आपल्याकडे कोणतं जर्नल, कोणत्या वर्षापासून आहे, हे वाचकाला कळायला हवं. प्रकाशक यासाठी केबार्ट नावाच्या ठरावीक नमुन्यात यादी देतात, एक्सेलमध्ये उघडते. तिच्यात प्रत्येक जर्नलची एक ओळ: नाव, छापील आयएसएसएन, ऑनलाइन आयएसएसएन, ऑनलाइन पहिल्या अंकाची तारीख, शेवटच्या अंकाची तारीख, लिंक. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगवेगळे असतात, त्यामुळे एकाने शोधून सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

बारकाईने बघायचा रकाना एम्बार्गोचा, म्हणजे कोणत्या काळाचे अंक मिळत नाहीत त्याचा. तिथे 'पी1वाय' असं लिहिलं असेल तर सगळं मिळतं, पण ताजं एक वर्ष सोडून. 'आर10वाय' असेल तर उलट, फक्त अलीकडची दहा वर्षं. शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा असेल तर ती चूक नाही; जर्नल आजपर्यंत चालू आहे असा त्याचा अर्थ. एकत्रित डेटाबेसमधून मिळणाऱ्या जर्नल्सना असा एम्बार्गो फार असतो, आणि विक्रेता "आमच्याकडे इतकी हजार जर्नल्स" म्हणतो तेव्हा तो हा रकाना दाखवत नाही. मागून घ्या.

मोठ्या विद्यापीठाकडे यासाठी लिंक रिझॉल्व्हर (संदर्भावरून थेट लेखाकडे नेणारी) आणि डिस्कव्हरीची (सगळं एकाच खिडकीत शोधणारी) व्यवस्था असते. लहान महाविद्यालयाने उगाच तिकडे धावू नये. कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये महत्त्वाच्या जर्नल्सच्या नोंदी आणि ग्रंथालयाच्या पानावर वर्णक्रमाने एक यादी, एवढं पुष्कळ झालं. मात्र प्रॉक्सी असेल तर तिथली प्रत्येक लिंक सुरुवातीला प्रॉक्सीचा पत्ता जोडून द्या. प्राध्यापक स्वतःच्या ब्राउझरमधून कॉपी केलेली लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकतात आणि ती दुसऱ्याला उघडत नाही. त्यांना तयार लिंक मिळाली तर ते तीच वापरतात. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' असतात, तिथे आपलं ग्रंथालय कसं निवडायचं हेही पत्रकात घाला, कारण बहुतेकांचा शोध तिथूनच सुरू होतो.

जर्नलं प्रकाशक बदलतात. डिसेंबरात एका घरात, जानेवारीत दुसऱ्या. म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात पैसे भरलेल्या प्रत्येक जर्नलचा ताज्या अंकातला एक लेख आणि जुना एक लेख प्रत्यक्ष उघडून बघा, पीडीएफसकट. कंटाळवाणं काम आहे, पण वर्षाच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

7. "उघडत नाही" अशी तक्रार आली की

फोनवर अंदाज बांधू नका. वाचकाकडून लेखाची लिंक, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट आणि तो कोणत्या नेटवर आहे, एवढं मागा. ग्रंथालयातच बसलेला विद्यार्थी अनेकदा मोबाइल डेटावर असतो. वायफाय जोडलं की प्रश्न मिटतो. ब्राउझरमध्ये व्हीपीएन चालू असेल तर प्रकाशकाला तो नेदरलंड्समध्ये दिसतो. हे दोन्ही नसेल तर तीच लिंक खासगी विंडोमध्ये उघडायला सांगा. जुन्या कुकीज आडव्या येत असतील तर तिथे कळतं.

त्यानंतर तुमच्या संगणकावर तीच लिंक. तुम्हालाही उघडत नसेल तर वर सांगितलेली संस्थेच्या नावाची खूण बघा, आणि प्रकाशकाला लिहा. ईमेलमध्ये संस्थेचं नाव, ग्राहक क्रमांक, सार्वजनिक आयपी, जर्नलचं नाव आणि आयएसएसएन, लेखाचा डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक), तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट. नुसतं "ॲक्सेस मिळत नाही, कृपया लक्ष घालावे" लिहिलं की उत्तरात हेच सगळं विचारणारं पत्र येतं आणि दोन दिवस जातात.

मधल्या काळात वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नका. लेखाची मुक्त प्रत कुठे आहे का ते ब्राउझरमध्ये बसवायच्या अनपेवॉल या एक्स्टेंशनने कळतं. नसेल तर लेखकाला ईमेल करायला सांगा, बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात. वर्गणीचे लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या साइटचं नाव विद्यार्थी स्वतःच काढतील. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर 2020 मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ती साइट भारतात बंद करायला सांगितली. ग्रंथालयाने तो पत्ता देऊ नये हे उघड आहे. पण विद्यार्थी तिकडे का वळतो याचंही उत्तर आपल्याकडे हवं: आपल्या लॉगिनला पाच पडदे लागतात, तिथे एक.

8. अचानक सगळ्यांचंच बंद झालं तर

एका दुपारी एकाच प्रकाशकाचं सगळं बंद होतं आणि तिसऱ्या दिवशी ईमेल येतो: तुमच्या अमुक पत्त्यावरून कमी वेळात प्रचंड डाउनलोड झाले. बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो. कुणीतरी शोधनिबंधासाठी अख्खा खंड उतरवायला एखादं सॉफ्टवेअर लावलेलं असतं. या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण 2010 मधलं: एमआयटीच्या नेटवर्कवरून ॲरन स्वार्ट्झ यांनी जेस्टॉर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहातले लाखो लेख उतरवले, आणि जेस्टॉरने काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश थांबवला. एका लॅपटॉपपायी सगळी संस्था बाहेर.

प्रकाशकाला त्याच दिवशी उत्तर द्या: चौकशी सुरू आहे, ती जोडणी थांबवली आहे. नेटवर्क विभागाकडे त्या वेळेच्या नोंदी मागा. प्रॉक्सीवरून झालं असेल तर लॉगिन सापडतं. पुष्कळदा त्या विद्यार्थ्याचा पासवर्ड दुसऱ्याच कुणीतरी वापरलेला असतो. विद्यार्थ्याला आधी बोलावून विचारा, नोटीस नंतर. त्याला खरोखरच हजारो लेखांवर संगणकीय विश्लेषण करायचं असेल, तर त्यासाठी प्रकाशकाची वेगळी परवानगी आणि वेगळी सोय असते. ती आपण मागून देऊ शकतो.

9. आकडे मागा, आणि ते वाचायला शिका

वर्गणी पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला काउंटर नावाच्या प्रमाण नमुन्यातले वापराचे अहवाल असतात. प्रकाशकाच्या ॲडमिन खात्यातून ते आपणच उतरवून घेऊ शकतो. तूर्त दोनच अहवाल धरून ठेवा. 'टीआर_जे1' मध्ये वर्गणीच्या जर्नल्समधले किती लेख उघडले ते असतं. 'टीआर_जे2' मध्ये वाचक आला, पण वर्गणी नाही म्हणून परत गेला, असे प्रसंग असतात. नवं काय घ्यावं हे विचारण्यासाठी विभागप्रमुखांना पत्र पाठवण्याआधी हा दुसरा अहवाल बघा. तो जास्त खरं बोलतो.

पहिल्या अहवालात 'टोटल' आणि 'युनिक' असे दोन आकडे असतात. एकाच बैठकीत वाचकाने तोच लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफमध्ये उघडला तर टोटल दोन, युनिक एक. काही साइट आधी वेबपान उघडतातच, त्यामुळे त्यांचा टोटल फुगलेला दिसतो. हिशेबाला युनिक घ्या. समजा एका जर्नलची वर्गणी 84,000 रुपये आणि वर्षात युनिक 120, तर एका वापराला 700 रुपये पडले. तोच लेख सुटा घेतला तर अनेक प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात, त्या मानाने हे बरं. युनिक सहा असेल तर ग्रंथालय समितीत विषय निघालाच पाहिजे.

पण नुसत्या भागाकारावर जर्नल कापू नका. संस्कृत किंवा गणिताच्या विभागात संशोधक चार आणि रसायनशास्त्रात चाळीस असतील तर आकडे तसेच येणार. शिवाय वापर कमी असण्याचं कारण अनेकदा आपल्याच घरात असतं: लिंक तुटलेली, किंवा जर्नल आपल्याकडे आहे हे कुणाला माहीतच नाही. ओनॉसमध्येही वापराचा आढावा घेतला जाणार आहे. ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. तेव्हा संस्थेचा वापर शून्याच्या आसपास राहू देणं परवडणारं नाही.

10. वर्गणी थांबवताना

करारातलं चौथं कलम आता कामाला येतं. कायमस्वरूपी हक्क असेल तर ज्या वर्षांचे पैसे भरले ती वर्षं प्रकाशकाच्या साइटवर पुढेही उघडायला हवीत; काही ठिकाणी त्यासाठी दरवर्षी छोटं शुल्क असतं. डेटाबेसचं पॅकेज मात्र बहुधा भाड्याचं घर असतं, करार संपला की किल्ली परत. प्रकाशकच बंद पडला तर पोर्टिको किंवा क्लॉक्स यांसारख्या जतन व्यवस्थेत ते जर्नल आहे का, तेही बघून ठेवा. या कलमाची खात्री होईपर्यंत छापील जुने खंड रद्दीत काढू नका, प्राचार्यांना वर्गखोलीसाठी ती जागा कितीही हवी असली तरी. मराठी नियतकालिकांचे खंड तर अजिबातच नाही. या सगळ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत ती जवळपास कुठेच नाहीत, आणि आपल्या कपाटातला संच हीच बरेचदा उपलब्ध प्रत असते.

बंद करतानाचं पत्र लेखी, वेळेत आणि पोच घेऊन. काही करार आपोआप पुढे चालू राहतात आणि नकोसं असल्याचं साठ किंवा नव्वद दिवस आधी कळवावं लागतं.

11. सगळ्याची एक फाइल

प्रत्येक प्रकाशकासाठी एक पान: करार कुठे आहे, ग्राहक क्रमांक, नोंदवलेले आयपी, ॲडमिन खात्याचं नाव, मदतीचा ईमेल, नूतनीकरणाची तारीख, वर्षवार रक्कम. आणि ॲडमिन खाती कधीही स्वतःच्या जीमेलवर उघडू नका. संस्थेच्या डोमेनवर ग्रंथालयाच्या नावाचा ईमेल घ्या आणि सगळी खाती त्यावर करा. ग्रंथपाल निवृत्त झाले, खातं त्यांच्या खासगी ईमेलवर, पासवर्ड बदलायचा कोड त्यांच्या बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर, असे गुंते सोडवायला प्रकाशक संस्थेच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र मागतात आणि मग स्वतःच्या गतीने उत्तर देतात. तुम्ही नव्याने रुजू झाला असाल तर आधीच्या ग्रंथपालांना या आठवड्यातच फोन करा आणि ही खाती एकेक करून संस्थेच्या ईमेलवर वळवून घ्या.